सोसायटी ग्रुप: तीन नंबरची बोअर

मंगळवार

बी-३०२: गुड मॉर्निंग म्हणायची इच्छा नाही. आज नववा दिवस. ६ ला पाणी आलं ६.२० ला गेलं, आणि ती २० मिनिटं पण धार करंगळीएवढी. दोन बादल्या भरल्या, दुसरीच्या तळाशी लाल गाळ. कमिटीतलं कोणी जागं आहे का?

डी-४०३: ताई तुमच्याकडे २० मिनिटं? चौथ्या मजल्यावर नळ नुसते सुस्कारे सोडतो

सेक्रेटरी: नमस्कार. सर्वांना संयम ठेवण्याची नम्र विनंती. पाणी खात्यात काल पुन्हा फोन केला होता. तीन नंबरची बोअर बंद आहे, काम चालू आहे असं उत्तर मिळालं. आपल्या लाइनला सध्या फक्त एक आणि दोन नंबरचं पाणी येतंय.

बी-३०२: काम चालू आहे हे आठ दिवस ऐकतेय. पंपहाऊसला कुलूप असतं, मी रोज तिथूनच जाते. कुलूप काम करतंय का?

सी-२०१: माझं साधं म्हणणं आहे. पाणी खाली गेलंय, पंप अजून ५० फूट खाली सोडा. प्रश्न मिटला.

ए-३०१: (फुलाचा फोटो) शुभ सकाळ 🙏

खजिनदार: टँकरची वर्गणी काही सभासदांकडून यायची आहे. नावं घेत नाही.

बी-१०१: घ्या की नावं. मी नाही दिली. तळमजल्याला पाणी येतंय मग मी टँकरचे पैसे का द्यायचे

बी-३०२: येतंय म्हणूनच काल पाइप लावून गाडी धुतलीत ना. वरून सगळं दिसतं.

बी-१०१: आणि तुमच्या बाल्कनीतल्या ४० कुंड्या? त्याचं पाणी आमच्या ग्रिलवर ठिबकतं ते खालून दिसतं

डी-४०३: चला म्हणजे निदान तिथे तरी पाणीपुरवठा सुरळीत आहे

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा.

सी-२०१: विषयावरच बोलतोय. पंप ५० फूट खाली सोडा.

ए-१०४ आप्पा: मी ११ ला पंपहाऊसवर जातोय. तिथला ऑपरेटर ओळखीचा आहे. आज मोटार वर काढणार आहेत असं कळलं. कोणाला यायचं असेल तर गेटवर या. दुपारी लिहितो.

बी-३०२: आप्पा मी येते.

दुपारी २.४०

बी-३०२: जाऊन आलो. मोटार बाहेर काढलेली बघितली. चेनपुलीने एकेक कॉलम पाइप (ज्याला खाली पंप लटकतो तो) वर ओढायचा, क्लॅम्प लावायचा, सोडवून बाजूला ठेवायचा, दोन तास चाललं होतं. पंपाच्या जाळीवर गेरू कालवून थापल्यासारखा लालसर चिकट थर. मी बोट लावलं तर बुळबुळीत, आणि वास गंजलेल्या डब्यासारखा. आपल्या बादलीत दिसतो तसाच लाल. (फोटो) (फोटो) (फोटो)

डी-४०३: तिसरा फोटो सेक्रेटरींचा बूट आहे का

सेक्रेटरी: मी तिथे गेलोच नव्हतो.

बी-३०२: तेच तर म्हणणं आहे 🙂

ए-१०४ आप्पा: आता शांतपणे वाचा, मोठा मेसेज आहे, पुन्हा टाइप करणार नाही. बोअर आटलेली नाही. ही बोअर घेतली तेव्हाच्या टेस्ट रिपोर्टची प्रत ऑपरेटरच्या कपाटात सापडली. तेव्हा पंप बंद असताना पाणी ६० फुटांवर, चालू केल्यावर ८० फुटांवर, आणि उपसा मिनिटाला ६०० लिटर. म्हणजे पातळी २० फूट उतरली आणि दर फुटाला ३० लिटर मिळाले. बोअरची तब्येत बघायची ती या आकड्यावरून, नुसतं किती पाणी येतं यावरून नाही. आता मोटार काढण्याआधी टेप सोडून मोजलं, मी स्वतः तिथे होतो. बंद असताना ६३ फूट. चालू असताना १४३. उपसा ४००. हिशोब करा, ८० फुटांची उतरण आणि दर फुटाला ५ लिटर. सहावा हिस्सा राहिला. पण बंद असतानाची पातळी फक्त ३ फुटांनी खाली गेली आहे, म्हणजे जमिनीत पाणी आहे तसंच आहे, बोअरमध्ये शिरायचे रस्ते बंद झालेत. केसिंगला, म्हणजे बोअरच्या आत बसवलेल्या पाइपला, ११० ते १५० फुटांदरम्यान चिरा असलेले पाइप आहेत, पाणी तिथूनच आत येतं. त्या चिरा आणि बाहेरची खडीची भर लोखंडाच्या गाळाने आणि लोह खाणाऱ्या जंतूंच्या बुळबुळीने भरल्या आहेत.

सी-२०१: मग पंप खाली सोडला तर जास्त ओढेल ना

ए-१०४ आप्पा: अहो बोअरच २१० फुटांची आहे, पंप १५५ वर होता. ५० फूट खाली सोडला तर तळाच्या गाळात बसेल, मोटारीभोवती पाणी फिरणार नाही, तापून जळेल. आणि आत्ताच पाणी १४३ ला येतंय म्हणजे चिरांचा बराचसा भाग उघडा पडतोय. तिथे हवा लागली की पाण्यातलं विरघळलेलं लोखंड गंज होऊन आणखी बसतं. जितकं जोरात ओढाल तितकं लवकर तुंबेल, वर वाळू ओढली जाईल ती वेगळीच. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रांच्या, कडा बघितल्यात का फोटोत? जुन्या झिजलेल्या नाण्यासारख्या झाल्यात.

डी-४०३: सरबताची स्ट्रॉ चोंदली तर ग्लास खाली ठेवून उपयोग नाही, समजलं

सी-२०१: उदाहरणं नकोत. मोठी मोटार बसवा मग.

ए-१०४ आप्पा: 🙏

बी-१०१: आप्पा हे एका दिवसात तर झालं नसेल. मग आधी कसं कळलं नाही कोणाला

ए-१०४ आप्पा: तेच लिहायला हात धजत नव्हता. पंपहाऊसची वही बघितली. पातळीच्या रकान्यात १४ महिने रोज ८०. भर पावसात ८०, कडक उन्हात ८०. अक्षर पण एकच, शाई पण एकच. टेप भिंतीवर खिळ्याला गुंडाळलेली, वर कोळ्याचं जाळं. महिन्यातून एकदा जरी ती टेप खाली सोडली असती, टोक पाण्याला लागलं की ती बीप वाजते, पाच मिनिटांचं काम, तर कधीच कळलं असतं. दर फुटाचा आकडा पाव भाग घटला की साफसफाई करायची असते. तेव्हा ती सोपी असते. आता थर दगडासारखा झालाय.

बी-३०२: आपल्या लिफ्टच्या कार्डावर पण दर महिन्याला सगळं ओके अशी एकाच पेनाने सही आहे, सहज आठवलं.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. इथे नको.

बी-३०२: मीटिंग कधी आहे?

*सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे*

डी-४०३: वाचला होता मी 😄

बुधवार

बी-१०१: एक सुचवू का. आपल्या आवारातली जुनी विहीर आहे ना, जाळी टाकलेली, पोरांचे बॉल पडतात ती. त्यात पाणी आहे. वॉचमनला आणि त्याच्या भावाला उतरवून गाळ काढून घेऊ, डिझेल पंप लावू, पालिकेच्या नादी लागायलाच नको

ए-१०४ आप्पा: कोणीही त्या विहिरीत उतरायचं नाही. मी ओरडून लिहितोय असं समजा. वर्षानुवर्षं बंद विहिरीच्या तळाशी प्राणवायू नसतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघतो, काहींना वासही नसतो. एक जण खाली गेला की कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. आणि डिझेल पंप आत उतरवला तर त्याचा धूर तिथेच कोंडतो. दोरीला मेणबत्ती बांधून बघितली म्हणून सुरक्षित होत नाही. वायू मोजायचं यंत्र, हवा आत सोडणारा ब्लोअर, कमरेला दोर, वर तीन माणसं. एवढं असेल तर बोला.

बी-१०१: बरं बरं. सुचवलं फक्त. चांगल्यासाठीच सांगत होतो, इथे कोणी काही बोललं की लगेच अंगावर

ए-१०४ आप्पा: रागावलो नाही. वॉचमनची मुलं लहान आहेत.

खजिनदार: टँकर वर्गणी. आज शेवटचा दिवस.

सी-२०१: आप्पांच्या माहितीबद्दल आदर आहे, तरी पंप निदान २० फूट तरी खाली सोडून बघायला काय हरकत आहे?

डी-४०३: बोली ५० वरून २० वर आली, उद्यापर्यंत थांबा

शुक्रवार

बी-३०२: काल कॅमेरा सोडला होता बोअरमध्ये. पंपहाऊसच्या स्क्रीनवर बघितलं. वरचा पाइप स्वच्छ, मग ११० च्या पुढे चिरा दिसतच नाहीत, नुसते तपकिरी गोळे लटकलेले, मध्येच एखादी फट मोकळी. आज तारेचा ब्रश फिरवला आणि कॉम्प्रेसर लावलाय. पाणी सुरुवातीला अक्षरशः विटेच्या रंगाचं, आता चहाच्या. उद्या ॲसिड टाकणार म्हणाले.

सी-४०४: ॲसिड पिण्याच्या पाण्याच्या बोअरमध्ये??

ए-१०४ आप्पा: टाकतात. ब्रशने न निघणारा थर विरघळतो त्याने. मग परत ढवळून, उपसून, पाण्याचा आम्लपणा पूर्वीसारखा होईपर्यंत बाहेर सोडायचं. त्याआधी लाइनला जोडायचं नाही. उपसलेलं ते पाणी पण चुना घालून शमवायचं, तसंच नाल्यात नाही सोडायचं.

बी-१०१: आणि वर ब्लीचिंग पण टाकणार ना जंतूंसाठी? मग दोन्ही एकदमच टाका, एक दिवस वाचेल

सी-४०४: नाही!!! ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तिथे उभी असलेली माणसं जातील. मी लॅबमध्ये आहे म्हणून सांगतेय असं नाही, बाथरूम धुताना घरी पण कोणी असं करू नका.

बी-१०१: आज माझं नशीबच खराब आहे

डी-४०३: काका तुम्ही गाडीच धुवा

सी-२०१: ब्लीचिंगची एक गोणी ओता, जंतू एका फटक्यात खलास

ए-१०४ आप्पा: गोणी कशाला. ८ इंची बोअरमध्ये एका मीटरला ३२ लिटर पाणी मावतं. पाण्याचा स्तंभ ४५ मीटरचा, म्हणजे साधारण १४०० लिटर. लिटरला १०० मिलीग्रॅम क्लोरीन पाहिजे तर १४० ग्रॅम. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर सव्वाचारशे ग्रॅम. बाहेरच्या खडीतही पाणी असतं म्हणून त्याच्या काही पट घेतात, तरी गोणी नाही. जास्त टाकलं तर उलट त्याची मारक शक्ती कमी होते आणि पाइप खातो. आणि कोरडी ओतायची नाही. बादलीत कालवायची, पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी आत सोडायची. नाहीतर तोच चुना जाऊन त्याच चिरा बुजवेल ज्या आज घासल्या.

बी-३०२: आप्पा तुम्ही रिटायर का झालात

ए-१०४ आप्पा: वय झालं म्हणून 🙂

रविवार

सेक्रेटरी: आनंदाची बातमी! पाणी खात्याच्या सहकार्याने आणि कमिटीच्या सततच्या पाठपुराव्यामुळे तीन नंबर बोअरचं काम पूर्ण झालं आहे. 🙏🙏

बी-३०२: कमिटीच्या?

डी-४०३: बूट गेला होता ना तिकडे

सी-२०१: मग आज पाणी सोडणार का

सी-४०४: आज नाही. क्लोरीन २४ तास आत ठेवायचा असतो, ते झाले की आज उपसून काढतील. मग नमुना घेऊन तपासायचा. १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडता कामा नये, आणि जंतू वाढवून बघायला किमान एक दिवस लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

बी-१०१: १४ दिवस झाले आता अजून २? एवढा क्लोरीन घातल्यावर जंतू राहतात कुठे. दोन नंबरच्या पाण्यालाच तो वास येतो, आमच्या सौंना नको होतो, त्यापेक्षा क्लोरीन बंदच करा

सी-४०४: काका, २००० साली मे महिन्यात कॅनडात वॉकरटन नावाच्या छोट्या गावात काय झालं ते ऐका. गावाला पाणी पालिकेच्या विहिरींचं. जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतावरचं जनावरांचं शेण एका उथळ विहिरीत झिरपलं. क्लोरीन पुरेसा नव्हता, आणि रोजच्या क्लोरीनच्या नोंदी मात्र वहीत व्यवस्थित भरलेल्या. न मोजता. ७ माणसं गेली, २००० च्या वर आजारी पडली.

बी-३०२: न मोजता. १४ महिने ८०.

सी-४०४: हो.

बी-१०१: ठीक आहे. थांबतो. सौंना सांगतो

खजिनदार: बी-१०१ यांची टँकर वर्गणी मिळाली. धन्यवाद.

मंगळवार

सी-४०४: रिपोर्ट चांगला आहे. ई-कोलाय नाही.

बी-३०२: ६ ला पाणी आलं. आधी लालसर, दहा मिनिटं वाया जाऊ दिलं, मग स्वच्छ. अजून चालू आहे. ६.५५.

डी-४०३: चौथ्या मजल्यावर पण!! नळाने सुस्कारा सोडला पण समाधानाचा

ए-३०१: (फुलाचा फोटो) शुभ सकाळ 🙏

ए-१०४ आप्पा: साफ केल्यानंतरची मोजणी. बंद असताना ६२, चालू असताना ८७, उपसा ५५०. दर फुटाला २२ लिटर. ३० होणार नाही, १४ महिन्यांचं काही ना काही राहणारच. हे आकडे मी एका नव्या वहीत लिहिलेत. पाणी खात्याच्या जेई (कनिष्ठ अभियंता) साहेबांनी दर महिन्याच्या १ तारखेला नागरिकांपैकी एकाला टेप सोडताना हजर राहायला परवानगी दिली आहे. माझा गुडघा आता ते जिने घेत नाही. १ तारखेला सकाळी ८ ला कोण जाईल?

*(वाचले: ४१)*

ए-१०४ आप्पा: वही माझ्याकडे आहे, घेऊन जा.

बी-३०२: या महिन्याचं मी करते. पुढच्या महिन्याचं कोणीतरी आत्ताच हात वर करा, नंतर नाही.

*(वाचले: ४१)*

सी-२०१: शेवटी पंप किती फुटांवर सोडला ते कोणी सांगेल का