मदत हवी आहे: वायफायचा ऑटो रेट कंट्रोल कमी जिटरसाठी (डेटा पोचायला लागणारा वेळ सारखा कमीजास्त होऊ नये म्हणून) कसा ट्यून करायचा?

नमस्कार मंडळी, दोन लिनक्स बोर्ड वायफायवर जोडलेत, एकावर कॅमेरा आणि दुसऱ्यावर लाइव्ह व्हिडिओ बघायचाय. कार्ड जुनी आहेत, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, ८०२.११एन, २० मेगाहर्ट्झ, एकच अँटेना, म्हणजे एमसीएस (वेगाच्या ठरलेल्या पायऱ्या) ० ते ७, ६.५ पासून ६५ एमबीपीएस. रेट कंट्रोल, म्हणजे प्रत्येक फ्रेम (वायफायचं डेटाचं पाकीट, व्हिडिओतलं चित्र नव्हे) कुठल्या वेगाने पाठवायचा हे ठरवणारा भाग, कार्डाच्या फर्मवेअरमध्ये नाही, लिनक्स कर्नलचा मिन्स्ट्रेल नावाचा अल्गोरिदमच चालतो.

व्हिडिओला ५-६ एमबीपीएस पुरतात, स्पीड टेस्ट झकास येते, तरी चित्र मधेच अडकतं आणि मग एकदम धावतं. दोन रात्री डिबगएफएसमधली आरसी_स्टॅट्स फाइल (कुठल्या रेटचे किती फ्रेम पोचतात ते कर्नल यात दाखवतो) बघत बसलो तेव्हा कुठे थोडं लक्षात आलं. एमसीएस ६ चे फ्रेम साधारण ७०% पोचतात आणि एमसीएस ४ चे जवळपास सगळे, पण ५८.५ चे ७०% म्हणजे ४१ च्या आसपास आणि एमसीएस ४ मुळात ३९ चाच, त्यामुळे मिन्स्ट्रेल ६ ला 'ए', म्हणजे सगळ्यात जास्त थ्रूपुटचा (प्रत्यक्ष पोचणाऱ्या डेटाचा वेग) शिक्का, देतो. ढोबळ हिशोब आहे हा, ओव्हरहेड धरलेला नाही. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्याला थ्रूपुट हवाय, पण मला पहिल्याच झटक्यात पोचणारा फ्रेम हवाय, रिट्राय (तोच फ्रेम पुन्हा पाठवणं) झाले की मागचे सगळे फ्रेम खोळंबतात.

करून बघितलेलं सांगतो. रेट एमसीएस ४ ला फिक्स केला, मस्त चाललं, पण मधलं दार लावलं की लिंकच मेली कारण खाली उतरायला रेटच नाही. मग आयडब्ल्यू कमांडने मास्क (वापरायला मोकळ्या रेटची यादी) लावून ० ते ४ एवढेच ठेवले, हे बरंच बरं आहे. फक्त संध्याकाळी आजूबाजूची नेटवर्क जागी झाली की फ्रेम आपटतात, मिन्स्ट्रेलला ती टक्कर आणि कमजोर सिग्नल यातला फरक कळत नाही, तो रेट उतरवतो, मग तोच फ्रेम हवेत जास्त वेळ राहतो आणि अजून टकरा होतात!

तर विचारायचं असं की १) टकरांसाठी मास्कमधून ० आणि १ काढून टाकले तर चालेल का, की दार लागल्यावर परत तेच रडगाणं? २) थ्रूपुट काढणाऱ्या फंक्शनमध्ये प्रोबॅबिलिटीचा (फ्रेम पोचण्याच्या शक्यतेचा) वर्ग घेऊन कर्नल पॅच करायचा विचार आहे, म्हणजे ७०% वाला रेट आपोआप मागे पडेल, कुणी असं केलंय का? सॅम्पलिंग (मिन्स्ट्रेल अधूनमधून दुसरे रेट आजमावून बघतो ते) बिघडेल का त्याने? आरसी_स्टॅट्सचं आउटपुट हवं असेल तर लगेच टाकतो.