सुटका कुठली?

‘वेडा ठरला की गुन्हेगार सुटतो’ हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. इटलीत किरकोळ गुन्ह्यासाठी न्यायालयीन मनोरुग्णालयात (मानसिक आजारी ठरलेल्या गुन्हेगारांना न्यायालय जिथे पाठवायचं तिथे) गेलेली माणसं मुदतवाढीवर मुदतवाढ मिळून वर्षानुवर्षं आतच राहायची. ‘पांढरी जन्मठेप’ म्हणायचे त्याला! २०१४ च्या ८१ क्रमांकाच्या कायद्याने त्याला मर्यादा घातली: त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ ठेवता येत नाही (जन्मठेपेचे गुन्हे वगळून). जुन्या संस्थांच्या जागी ‘रेम्स’ ही आरोग्यखात्याची, फार तर २० खाटांची केंद्रं आली.

मला हे फार मोलाचं वाटतं. पण खाटा कमी पडल्या, प्रतीक्षायादी लांबली आणि काही आजारी माणसं तुरुंगातच अडकली. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही यावर बोट ठेवलं.