मदत हवी आहे: रात्रीच्या लोकलमध्ये ऐकायला नवीन डाउनटेम्पो कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं.

मी लोअर परळला एडिटिंगचं काम करतो, रात्री साडेअकराला सुटतो आणि बोरीवली स्लोमध्ये खिडकी मिळाली की पुढची पन्नास मिनिटं माझी असतात. तेव्हा मला डाउनटेम्पो लागतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिकच पण नाचायचं नाही, ठेका संथ, बेस गोल आणि वर धुक्यासारखे पसरलेले सिंथेसायझरचे सूर. दिवसभर डायलॉग कापत बसलेलो असतो त्यामुळे शब्द नकोच वाटतात.

सुरुवात बोर्ड्स ऑफ कॅनडापासून झाली, स्कॉटलंडचे दोघे भाऊ, १९९८चा त्यांचा अल्बम ऐकला आणि हललोच. जुन्या टेपसारखा किंचित डुलणारा सूर. नंतर कळलं की नाव त्यांनी नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या माहितीपटांवरून घेतलंय, आणि मला एकदम आपल्याकडे थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे ते फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आठवले, तोच आवाज! मग बोनोबोचा २०१०चा ब्लॅक सँड्स, टायकोचा डाइव्ह, आणि स्वीडनच्या कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्सचा हायड्रोपॉनिक गार्डन. या शेवटच्यात एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळत जातो, मधे तुटत नाही, अंधेरीला डोळे मिटले तर एकदम कांदिवलीच येतं.

आता हे सगळं पाठ झालंय. ॲपवर चिल म्हणून शोधलं की दोन-दोन मिनिटांचे तुकडे येतात, मागे पावसाचा आवाज लावलेला, सूर मनात बसायच्या आत संपतो आणि पुढचाही तसाच. मला पूर्ण अल्बम हवेत, कुणीतरी जीव लावून केलेले. तुम्ही नवीन कसं शोधता? आणि आपल्याकडचं काही आहे का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १
मित्रा, कलाकाराच्या मागे न जाता लेबल धर, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी. बोनोबो निंजा ट्यूनवर आहे, लंडनचं लेबल, १९९० मध्ये कोल्डकट या जोडीने काढलेलं. हायड्रोपॉनिक गार्डन काढलं फ्रान्सच्या अल्टिमेने, त्यांच्याकडचे सोलर फील्ड्स आणि एस डाना ऐकच. बँडकॅम्प या अल्बम विकणाऱ्या साइटवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांचे छोटे फोटो दिसतात, एकावर क्लिक कर, त्याच्याकडचं सगळं कलेक्शन उघडतं. आपल्यासारख्याच आवडीचा माणूस सापडला की महिन्याची सोय होते. आणि ट्रेनमध्ये आवाज वाढवू नकोस, डब्याची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती बेस गिळते, कानात घट्ट बसणारे इअरफोन घे.

प्रतिसाद २
सोमाएफएमचं ग्रूव्ह सॅलड लाव, सॅन फ्रान्सिस्कोचा इंटरनेट रेडिओ, जाहिराती नाहीत, ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. ट्रॅकचं नाव समोर दिसतं, आवडलं की लिहून ठेवायचं, माझी एक वही भरलीय.
आपल्यातलं म्हणाल तर नितीन सॉनींचा बियाँड स्किन, १९९९. शब्द आहेत त्यात, तरी एकदा ऐकाच. आणि मुंबईचेच चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे, त्यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ते धावतं आहे, रात्रीच्या परतीला नाही चालणार, सकाळी कामावर जाताना भैरव लावा.

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. काल सोलर फील्ड्सचा मूव्हमेंट्स लावला आणि गाडी गोरेगावला बराच वेळ सिग्नलला थांबली तरी मला उठून दाराशी जावंसं वाटलं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. इअरफोनचंही पटलं, जुने सैल होते, आज बदलतोय.

अजून एक विचारू का? तानपुरा नीट लावलेला, वर अगदी थोडा संथ बीट, आणि बाकी काही नाही, असं कुणी केलंय का? फ्यूजनच्या नावाखाली तबला आणि गिटारची मारामारी नको. दरबारीसारखा रात्रीचा राग असेल तर फारच बरं, त्या वेळेला माझा डबा तसाही रिकामा असतो.