शब्दचर्चा : कवडी – शंख की शिंपला?

प्रश्न : सोलापुरात तुळजाभवानीच्या आराध्यांसाठी कवड्यांच्या माळा मिळतात. दुकानात कुणी कवडीला शिंपला म्हणतं, कुणी बारका शंख. बरोबर काय? आणि 'पिवळी कवडी' ही वेगळी जात की रंगवलेली?

– शिंपला नव्हेच. तिसऱ्या, कालवं हे शिंपले, त्यांना दोन झडपा असतात. कवडी हे समुद्री गोगलगायीचं एकसंध कवच, म्हणजे शंखाच्या गोतातली. पिल्लाचं कवच पातळ असतं आणि पीळ स्पष्ट दिसतो. पुढे बाहेरची कड आत वळते, पोटाकडच्या चिरेच्या दोन्ही बाजूंना दात येतात, पीळ झाकला जातो. त्यानंतर कवडी जाड होते, लांब होत नाही. त्यामुळे लहान कवडी म्हणजे कोवळी, हा समज चुकीचा.

– माळेत बहुधा मोनेटारिया प्रजातीच्या दोन जाती सापडतात. मोनेटा पिवळसर, कडेला गाठी, आकार ओबडधोबड. ॲन्युलस गुळगुळीत, पाठीवर नारिंगी कडं. दोन्ही हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यातल्या. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत, उथळ प्रवाळात, दगडांखाली राहतात नि शेवाळ खातात. जुन्या व्यापारात मालदीवचा माल मोठा.

– मोनेटा मुळात फिकट ते चांगली पिवळी असते, पण पिवळेपणा पाठीवर, पोट फिकट. दातांच्या खाचांतही तोच गडद पिवळा साचला असेल तर रंगवलेली समजा.

– धुताना लिंबू, व्हिनेगर नको. कवच चुन्याचं, आम्लाने झिलई जाते ती परत येत नाही. जिवंतपणी मांसल पदर कवचावर पसरलेला असतो म्हणून ती चमक. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ओवण्यासाठी पाठ ओल्या दगडावर घासून भोक पाडा. ठोकलं तर तडा जातो. भोकाची धारदार कड पॉलिश पेपरने घासून बोथट करा, नाहीतर दोरा कापतो.

– शब्दाचं मूळ संस्कृत 'कपर्दिका'. 'वराटक' हेही कवडीचंच नाव. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात 20 वराटकांची 1 काकिणी, 4 काकिणींचा 1 'पण' (जुनं नाणं), म्हणजे 80 कवड्यांचा 'पण'. आपल्या बाजार समितीत कांदा पडला की 'कवडीमोल' छापतात. एके काळी ते खरंखुरं मोल होतं.

– 'कवडीचुंबक' राहिलाच की! आणि खेळात चीर वर आली तर कवडी उताणी, पाठ वर आली तर पालथी.