'ड्वार्फ फोर्ट्रेस' खेळायला सुरुवात कोठून करावी?

फोंडेकर (प्रश्न)

नमस्कार. 'माइनक्राफ्ट'च्या निर्मात्याने आपल्याला प्रेरणा देणाऱ्या खेळांमध्ये 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या बुटक्यांचा दुर्ग वसवण्याच्या संगणकखेळाचे नाव घेतल्याचे वाचून मी या खेळाची विनामूल्य आवृत्ती उतरवून घेतली. नवे जग तयार होताना डोंगर उभे राहिले, नद्यांनी वाट काढली, राज्ये पसरली आणि लयाला गेली, आणि हे सारे घडत असताना एका बाजूला वर्षे मोजली जात होती. तेथवर मी खूश होतो. त्यानंतर मात्र सात बुटके एका गाडीजवळ येऊन उभे राहिले आणि पडदाभर स्वल्पविराम, नागमोडी रेघा, पत्त्यांतील किलवर-इस्पिकांच्या खुणा व रंगीबेरंगी अक्षरे पसरली. त्यांतील काय चालते, काय उगवते आणि काय चावते, हे मला ओळखता येत नाही.

अडचण केवळ चिन्हांची नाही. शब्दांवर चालणारे जुने साहसखेळ मी खेळलो आहे. त्यांत संगणक प्रसंगाचे वर्णन करतो, आपण आज्ञा टंकतो आणि कथा पुढे सरकते. येथे कथा कोठे शोधायची, आणि जिंकण्याची अटच कोठे लिहिलेली नसेल तर खेळायचे तरी कशासाठी, हे कोणी समजावून सांगेल काय? माझा लॅपटॉप जुना आहे. चित्रे असलेली सशुल्क आवृत्ती घेतल्याने समज वाढेल की केवळ पडदा सुंदर दिसेल, हेही जाणून घ्यायचे आहे.

पर्वरीकर

आपण ज्याकडे शब्दांचा खेळ म्हणून पाहत आहात तो वास्तविक नकाशाचा खेळ आहे. १९८० च्या 'रोग' या खेळापासून चालत आलेल्या परंपरेत अक्षर हेच वस्तूचे चित्र असते. म्हणून हसरा चेहरा म्हणजे बुटका आणि त्याचा रंग म्हणजे त्याचा व्यवसाय. इंग्रजी लहान 'सी' म्हणजे मांजर, 'डी' म्हणजे कुत्रा आणि मोठा 'ई' दिसला तर बहुधा हत्ती, ज्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय पडद्यावर दिसतो तो जमिनीचा केवळ एक आडवा काप आहे. त्याच्या वर आणि खाली असे अनेक थर असतात आणि खेळाचा बराचसा भाग त्या खालच्या थरांतच घडतो. ही खोली २००७ मध्ये आली. त्याआधी सारा दुर्ग डोंगराच्या पोटात एकाच पातळीवर खणावा लागत असे.

टार्न आणि झॅक अॅडम्स या दोघा भावांनी २००२ मध्ये काम सुरू केले, २००६ च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि पुढे कित्येक वर्षे निव्वळ खेळाडूंच्या देणग्यांवर ते चालवले. आज्ञावली टार्न लिहितो. झॅक छोट्या कथा रचतो आणि त्या कथेत जे घडते ते खेळात आपोआप घडण्यासाठी कोणते नियम लागतील, याचा विचार दोघे मिळून करतात. आपल्या 'कथा कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर मला याच पद्धतीत दिसते. कथा आधी लिहून ठेवलेली नाही. ती घडू शकेल इतके नियम मात्र लिहून ठेवले आहेत.

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण २०१५ चे. खेळात मद्यालये आली आणि मांजरे का मरत आहेत हे कोणाला कळेना. शोध घेतल्यावर उलगडले ते असे: गिऱ्हाइकांच्या हातून मद्य जमिनीवर सांडत होते, मांजरे त्यातून चालत होती, मग सवयीप्रमाणे पंजे चाटत होती, आणि एका चाटण्यात किती मद्य पोटात जाते याचा हिशेब चुकीने फार मोठा धरला गेला होता. 'मद्याने मांजरे मरावीत' असा नियम कोणीही लिहिला नव्हता. सांडणे, माखणे, चाटणे आणि चढणे हे चार वेगवेगळे नियम एकत्र आले एवढेच.

म्हणून माझी सूचना अशी की संपूर्ण पडदा वाचण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. सातांपैकी एक बुटका निवडून खेळ थांबवावा आणि त्याची माहिती उघडावी. त्याला कोणता दगड आवडतो, कशाची किळस येते, तो कोणावर रागावला आहे, कालच्या पावसात भिजल्याचे त्याला अजून वाईट वाटते काय, हे सारे तेथे वाक्यांत लिहिलेले असते. आपल्याला हवे असलेले शब्द पडद्यावर नसून त्या पानांत आहेत.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. जुन्या यंत्रावर जग लहान आकाराचे घ्यावे आणि इतिहासही थोड्या वर्षांचा ठेवावा. लोकसंख्येची मर्यादा सेटिंग्जमधून खाली आणावी, कारण प्रत्येक बुटक्याचा मार्ग क्षणोक्षणी मोजावा लागत असल्याने दुर्ग भरला की चांगले यंत्रही मंदावते. पहिल्या वर्षात अन्न, मद्य आणि झोपण्याची सोय यांपलीकडे काही योजू नये. मातीच्या थरात वाफा आखून 'प्लंप हेल्मेट' नावाची अळंबी लावावी आणि ती शिजवण्यास स्वयंपाकघराच्या यादीतून मनाई करावी. ती कच्ची खाल्ली किंवा तिचे मद्य केले तर बी परत मिळते, शिजवली तर बी गेले. मद्याशिवाय बुटक्यांची कामे रेंगाळतात. फेणीच्या मुलखातील वाचकांना याचे विशेष नवल वाटू नये.

डिचोलीकर

मी खाणींशी संबंधित भूशास्त्राचे काम केले आहे, त्यामुळे या खेळाने मला निराळ्या वाटेने पकडले. वसाहतीची जागा निवडताना खालच्या थरांविषयी जी माहिती दिली जाते ती बहुतेक नवे खेळाडू न वाचता पुढे जातात, आणि मग पोलादासाठी लागणारे काहीच आपल्या डोंगरात नाही हे त्यांना फार उशिरा कळते.

खेळात थरांचे अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे प्रकार आहेत आणि कोणते खनिज कोणत्या थरात सापडावे याचे नियम खऱ्या भूशास्त्राला बऱ्याच अंशी धरून आहेत. लोखंड हेमटाइट, लिमोनाइट आणि मॅग्नेटाइट या तीन खनिजांपासून मिळते. पोलाद करायचे तर लोखंडाबरोबर कोळसा आणि अभिवाह (धातू वितळवताना मळ वेगळा करणारा दगड) म्हणून चुनखडी, खडू, डोलोमाइट किंवा संगमरवर लागतो. यांतील संगमरवर सोडला तर बहुतेक सारे गाळाच्या थरांत भेटते, दगडी कोळसाही तेथेच. त्यामुळे प्रथम खेळणाऱ्याने गाळाचा थर, थोडी माती, वाहते पाणी आणि झाडी असलेली जागा घ्यावी. आपल्याकडे डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले लोहखनिज पट्टेदार हेमटाइट क्वार्टझाइटच्या, म्हणजे फार प्राचीन रूपांतरित खडकांच्या संगतीने येते, तेव्हा गोव्याचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून खेळात हेमटाइट शोधू गेल्यास फसगत होईल. खेळाने येथे सोपेपणा केला आहे. तो मला खटकतो, पण समजण्यासारखा आहे.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवे दुर्ग शत्रूच्या हल्ल्यापेक्षा पाण्यानेच अधिक बुडत असावेत, असे माझे मत आहे. प्रत्येक चौकटीत पाण्याची खोली एक ते सात या मापात मोजली जाते, ते उतारावरून वाहते, त्याला दाब असतो, आणि नदीचे पाणी बोगद्याने खाली आणले तर पलीकडच्या विहिरीत ते वरच्या पातळीच्या दिशेने चढू पाहते. याशिवाय काही थर जलधर असतात. त्यांना खणताच भिंतींतून पाणी झिरपू लागते आणि ते संपत नाही. भूजलपातळीच्या खाली गेलेली उघडी खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप चालू ठेवावे लागतात आणि त्याचा परिणाम भोवतालच्या विहिरींवर होतो, हे ज्याने आपल्या तालुक्यात पाहिले आहे त्याला ही कल्पना पटकन उमगेल. खेळात हलका आणि जोरदार असे जलधराचे दोन प्रकार आहेत. हलक्या थरातून जिना खाली नेऊन ओल्या भिंतींच्या जागी लगोलग दगडी भिंती बांधल्या की काम भागते. जोरदार थर असलेली जागा मात्र पहिल्या काही दुर्गांसाठी सरळ टाळावी. जागा निवडतानाच त्याची सूचना मिळते.

मडगावकर

वरील दोघांच्या उत्साहाविषयी आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. या खेळाची गुंतागुंत दोन प्रकारची आहे. एक जगाची, जी खरोखर अपूर्व आहे. दुसरी केवळ मांडणीची: जुन्या आवृत्त्यांत एका यादीत खाली जाण्यासाठी एक कळ तर दुसऱ्या यादीत दुसरीच, आणि माउसचा उपयोग जवळपास नाही. या दुसऱ्या गुंतागुंतीला जुने खेळाडू तपश्चर्येचा मान देतात, तो मला मान्य नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला म्हणून त्याच्या याद्या वाचनीय होत नाहीत.

सशुल्क आवृत्ती किटफॉक्स या प्रकाशकाने ६ डिसेंबर २०२२ रोजी 'स्टीम' या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानात आणली आणि २०२५ च्या जानेवारीत तिच्यात एकट्याने भटकण्याचा साहसप्रकारही आला. चित्रे आणि संगीत तिच्यात आहे. आतले जग विनामूल्य आवृत्तीसारखेच आहे, आणि माउसने चालणारी नवी मांडणी त्या आवृत्तीलाही मिळाली आहे. त्यामुळे आपण उतरवलेली आवृत्ती जुनी असेल तर प्रथम ती बदलावी. तरीही चित्रांनी समज वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे: हातात कुऱ्हाड असलेला बुटका कुऱ्हाडीसह दिसणे ही काही केवळ शोभा नव्हे. पैसे खर्च करणे शक्य असेल तर करावे.

जिंकण्याच्या अटीबद्दल: ती नाही, हे खरे आहे. 'हरण्यात मजा आहे' हे या खेळाचे ब्रीदच आहे. दुर्ग पडला तरी जग तसेच राहते. त्याच जगात नवा दुर्ग वसवता येतो, पडलेल्या दुर्गाच्या भग्नावशेषांत साहसी म्हणून जाता येते आणि इतिहासाच्या पानांत आपल्या पराभवाची नोंद वाचता येते. ज्यांना निकाल लागल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी वेळ घालवू नये, असे मी तरी सांगेन.

फोंडेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवी विनामूल्य आवृत्ती घेतली, गाळाच्या थराची जागा निवडली, आणि वसाहतीत नवे बुटके येऊन आता चांगली वस्ती झाली आहे. अक्षरे आता फारशी आड येत नाहीत. मात्र माझा एक सुतार अचानक सर्व कामे सोडून कार्यशाळा अडवून बसला आहे. त्याने लाकूड आणि हाडे गोळा केली, पण पुढे काहीच करत नाही, आणि तेथून हलतही नाही. हा खेळातील दोष समजावा काय?

पर्वरीकर

दोष नव्हे, त्याला झपाटा आला आहे. अशा बुटक्याच्या मनात एक अद्वितीय वस्तू घडवायची असते आणि तिच्यासाठी लागणारा एखादा जिन्नस आपल्या कोठारात नाही. कार्यशाळा निवडून पाहिल्यास तो आपली मागणी अर्धवट वाक्यांतून बोलून दाखवतो. कापड मागत असेल तर नीट लक्ष द्यावे: सुती, रेशमी आणि लोकरी यांपैकी एकाच प्रकारावर त्याचा हट्ट असू शकतो, आणि दुसरा प्रकार समोर पडलेला असला तरी तो त्याकडे ढुंकून पाहत नाही. शरदात आपल्या मूळ राज्याचा व्यापारी तांडा येईल, त्याच्याकडे तिन्ही प्रकार पाहावेत.

सामग्री वेळेत मिळाली तर वस्तू तयार होते, तिला नाव मिळते, आणि बहुतेक वेळा तो सुतार त्या कलेत एकदम सर्वोच्च पातळीवर पोहोचतो. काही महिन्यांत मिळाली नाही तर त्याचे डोके फिरते: कधी तो खिन्न होऊन जीव देतो, कधी भ्रमिष्टासारखा हिंडतो, आणि कधी दिसेल त्याच्यावर हात टाकतो. हा शेवटचा प्रकार लक्षात घेऊन तांडा येईपर्यंत कार्यशाळेला भिंत आणि दार घालावे, आणि दाराला कुलूप लावण्यापूर्वी आत दुसरे कोणी राहिलेले नाही, एवढे पाहावे.