केनियात जाऊन बचत गटाला धंदा शिकवणार म्हणे!

तेरणा
लातूरच्या एका पोराची पोस्ट सकाळपासून फिरायलीय: ‘चार आठवडे केनियात जा, गावातल्या बायकांच्या गटांना धंदा शिकवा, आयुष्य बदलेल.’ खाली बदामांचा पाऊस. आयुष्य कुणाचं बदलणार ते मात्र लिहिलेलं नाही.

तिकडचे बचत गट पैसे पेटीत ठेवतात. ही पद्धत 1991 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात सुरू झाली. 15 ते 25 जणी. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे. दर बैठकीला एकीने एक ते पाच शेअर, म्हणजे ठरलेल्या रकमेचे बचतीचे वाटे, घ्यायचे आणि पासबुकात तेवढे शिक्के मारायचे, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही मोजता येतात. कर्ज बचतीच्या तिपटीपर्यंत. 9 ते 12 महिन्यांनी सगळं वाटून घ्यायचं आणि नवं चक्र सुरू. यात चार आठवड्यांचा पाहुणा बसवायचा कुठं? तो लॅपटॉपवर हिशेबाचा तक्ता करतो, आणि तो गेला की तक्ताही गेला. वरून जाताना हौसेने पैसे टाकतो. बाहेरचा पैसा आला की फेड ढिली पडते, कारण तो शेजारणीचा नसतो.

मोंढा
पेटी शिकवायला कोण जायलंय? बचत वेगळी, धंदा वेगळा. सायसलच्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या, किओंदो टोपल्या घ्या. ऑर्डर परत का येते? एकीचा तळ 25 सेंटिमीटर, दुसरीचा 28. रंग ओल्या पांढऱ्या फडक्याला लागतो. पुठ्ठ्याचा साचा कापायचा, फडकं घासून दाखवायचं, दोन दिवसांचं काम. बाहेरच्याने केलं म्हणून काय बिघडलं?

येसर
बिघडतं ते असं. आपल्याकडं असेच एक-दोन आठवड्यांचे सल्लागार येतात आणि काळ्या मसाल्याला खिडकीवाला कागदी पाउच सुचवून जातात. फोटो झकास. खिडकीतून उजेड लागला की रंग उडतो. मसाल्यातल्या खोबऱ्याचं तेल पातळ अस्तरातून कागदावर उतरतं, डाग पडतो, पुढं खवट वास. गिऱ्हाईक म्हणणार, बायकांना जमत नाही!

मोंढा
पाउचला कशाला शिव्या? निम्मी पाकिटं गटाच्याच हातानं बिघडतात. गिरणीतून आलेला मसाला गरम असतानाच भरला की आत घाम सुटतो, गाठी होतात, बुरशी येते. आधी परातीत पसरून पूर्ण गार करा. दुसरं, चमच्यानं भरताना भुकटी तोंडाला चिकटते आणि तिथंच सील सुटतं. नरसाळं वापरा, कड कोरड्या फडक्यानं पुसा, वर बोटभर जागा सोडा. मग एक पाकीट पाण्यात दाबून बघा. बुडबुडा आला की मशीनची उष्णता तपासा.

येसर
नरसाळ्याचं मान्य. खिडकीचं नाही म्हणजे नाही.

मोंढा
खिडकी मी कधी म्हणलो? वाचत जा हो. आणि भाव कसा लावता ते सांगा. मिरची 200 रुपये किलो. देठ, खडे, वाळवण, गिरणीतली घट धरून 150 ग्रॅम गेले, तर हातात 850. म्हणजे तिखट किलोला 235 पडलं, अजून दळणावळ, पाकीट, मजुरी बाकी. ‘250 ला देऊ, 50 सुटले’ म्हणणारे गट ढिगानं आहेत. स्वतःची मजुरी तर कुणी धरतच नाही.

तेरणा
धागा केनियाचा होता, चालले मसाल्याच्या गिरणीवर.

निजामकालीन
केनियाचंच बोलतो. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर घरबांधणीत उभ्या राहिलेल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका 2001 च्या भूकंपानंतर गुजरातेत गेल्या, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर. जिनं खचलेलं घर पुन्हा बांधून घेतलंय तिचं समोरची ऐकते. पाठवायचंच असेल तर दहा वर्षं गटाचं रजिस्टर सांभाळलेली सीआरपी ताई, म्हणजे गावोगावी गटांना शिकवणारी गटातलीच बाई, पाठवा. नुकता पदवीधर झालेला तिथं जाऊन काय सांगणार?

मोंढा
गुजरातेत तोडकी-मोडकी हिंदी चालते. केनियात मचाकोसच्या बाजूला बायका किकांबा भाषा बोलतात. ताईला दुभाषा कोण देणार, तुम्ही?

निजामकालीन
पोराला किकांबा येते वाटतं!

मोंढा
इंग्रजी तरी येते, आणि तिकडं ती सरकारी भाषा आहे. बरं, दोघांना जोडीनं पाठवा, ताई सांगेल, पोरगा लिहील. झालं समाधान?

तेरणा
पोराची पोस्ट सुधारून घेतल्यासारखं झालं की हे! जोडीचं चालेल, पण तीन महिन्यांच्या आत नको. आणि त्या पोस्टीत कामाचं एक अक्षर नाही. जानेवारी 2024 पासून केनियाला ई-टीए, म्हणजे जायच्या आधी ऑनलाइन काढायची प्रवेश परवानगी, लागतं. ते पर्यटक म्हणून काढायचं आणि गटात काम करायचं, असं चालत नाही. बिनपगारी कामालाही परवाना लागतो. पाठवणाऱ्या संस्थेला पैसे भरायच्या आधी हाच प्रश्न लेखी विचारा. दुसरं, पिवळ्या तापाची लस. दाखला टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतो. तो नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात.

येसर
लसीचं झालं. आता सीलिंग मशीनची पट्टी 5 मिलीमीटरची घ्यायची की 10 ची?

मोंढा
मसाल्याला 10 चीच. आणि ती टेफ्लॉनची फीत जळाली की लगेच बदला, सहा महिने ओढू नका.