शब्दचर्चा: 'फेज नॉइज', आणि रेफरन्स 'अचूक' की 'स्वच्छ'?

प्रश्न: हॅम (हौशी) रेडिओवरच्या लेखात 'फेज नॉइज'ला मराठीत काय लिहावं? आणि '१० मेगाहर्ट्झचा जीपीएस रेफरन्स जोडला की रिसीव्हर शुद्ध होतो' हे वाक्य चालेल का?

उत्तर: पाठ्यपुस्तकांत फेजला 'कला' आणि फेजमधल्या फरकाला 'कलांतर' आहेच. पण 'कला-गोंगाट' वाचून कुणालाही ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर निर्माण करणारं सर्किट, आठवणार नाही. 'फेज नॉइज'च ठेवा आणि एकदा उलगडून सांगा: ऑसिलेटरची लहर क्षणोक्षणी किंचित मागेपुढे सरकते, म्हणून स्पेक्ट्रमवर एकच बारीक रेघ न दिसता तिच्या दोन्ही अंगांना खरखर पसरते.

'शुद्ध' मात्र काढाच. जीपीएस रेफरन्स म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांशी जुळवलेला सिग्नल, ज्यावरून रिसीव्हर बाकीच्या फ्रिक्वेन्सी बनवतो. त्याने फ्रिक्वेन्सी अचूक होते. सिग्नल स्वच्छ होईलच असं नाही. हॅम मंडळी वापरतात तो क्यूओ-१०० उपग्रह घ्या, आपल्याकडून पश्चिमेला दिसणारा. त्याचा १०,४८९ मेगाहर्ट्झच्या वरचा डाउनलिंक ऐकायला डिशचा साधा एलएनबी (सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डिशवरचा भाग) वापरतात. अनेक एलएनबींत २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं, त्याच्या ३९० पट म्हणजे ९,७५० मेगाहर्ट्झचा लोकल ऑसिलेटर (सिग्नल खाली आणण्यासाठी त्यात मिसळायची लहर). क्रिस्टल १ पीपीएमने (दशलक्षात एका भागाने) सरकलं तर वर ९.७५ किलोहर्ट्झची चूक, एसएसबीचं (हॅमच्या अरुंद पट्ट्यातल्या बोलण्याच्या पद्धतीचं) स्टेशन हातचं जातं. जीपीएस रेफरन्स ही अडचण खरोखर दूर करतो.

पण त्या ३९० पटींत फेज नॉइजही चढतो: २० लॉग ३९०, म्हणजे जवळपास ५२ डीबी. रेफरन्सचा फेज नॉइज उणे १५० डीबीसी प्रति हर्ट्झ (मूळ सिग्नलच्या तुलनेत, दर हर्ट्झला) असेल तर पीएलएलच्या (रेफरन्सवरून वरची फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या सर्किटच्या) लूप बँडविड्थच्या आत, म्हणजे ते रेफरन्सच्या मागे जातं त्या पट्ट्यात, उणे ९८ हून चांगलं काही मिळत नाही. रेफरन्स उणे ११० चा असेल तर उणे ५८, आणि मोर्सचा टोन घोगरा. सरासरी फ्रिक्वेन्सी दोन्हींची अगदी बरोबर!

प्रश्न: मग 'जिटर' म्हणजे तेच का?

उत्तर: डळमळ तीच, मोजमाप वेगळं. जिटर पिकोसेकंदांत, एका आकड्यात. फेज नॉइज मात्र मूळ सिग्नलपासून किती अंतरावर हेही सांगतो, आणि हॅमला तेच हवं असतं. समजा १० किलोहर्ट्झवर उणे ११०. एसएसबीच्या २.४ किलोहर्ट्झ फिल्टरमधून २,४०० हर्ट्झची खरखर एकदम येते, म्हणून त्यात ३४ डीबी मिळवा, उणे ७६. शेजारी सिग्नल-मीटरवर एस-९ अधिक ४० डीबी दाखवणारं जोरदार स्टेशन आलं की तुमच्या फ्रिक्वेन्सीवर एस-३ एवढी खरखर उठते. अंतर न देता नुसतं 'फेज नॉइज उणे ११०' लिहिणं म्हणूनच अपुरं.

तुमचं वाक्य असं करा: 'जीपीएस रेफरन्सने फ्रिक्वेन्सी अचूक राहते, फेज नॉइज कमी हवा असेल तर रेफरन्सचा ऑसिलेटरही चांगला लागतो.'